‘येते’ म्हणून गेलेली काकू

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर आधी आईबापाचं नाव घ्यायची रीत आहे. आई मला आठवत नाही. बाबांबद्दल मला आदर आहे. तरीही मी काकूचं नाव घेतो. नाव घेतो म्हणजे नातं सांगतो, कारण नावं तिला दोन होती. एक माहेरचं, जे आमच्याकडे कोणालाच धड उच्चारता आलं नाही, आणि एक लग्नात ठेवलेलं, ज्याने हाक मारली तर सुरुवातीला ती मागे वळूनही पाहत नसे. दोन्ही मी इथे लिहीत नाही.

आमचं गाव दारव्ह्याहून आत, डांबरी रस्ता सोडून आहे. कापूस, सोयाबीन, तूर असं सगळ्यांसारखंच शेत. खाऊनपिऊन घर ठीक होतं, पण घरात बाईमाणूस नव्हतं. मी लहान असतानाच आई आजारपणात गेली. मागे उरलो बाबा, काका आणि मी. स्वयंपाक काका करायचा. त्याची भाकरी कडेला जळलेली आणि मधे कच्ची असायची. आत्या गावातच दिलेली होती. ती येऊन वरण टाकून जायची आणि जाताना म्हणायची, “लगन करा रे कोनी तरी. मी का जलमभर दोन चुली पाहात राहू?”

बाबांनी दुसरं लग्न केलं नाही. काकासाठी मुली पाहणं सुरू झालं आणि सुरूच राहिलं. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. मुलीच्या बापाला जावई नोकरीवालाच हवा. काकाच्या डोक्याचे केस विरळ व्हायला लागले तेव्हा पांढरकवड्याचा एक ओळखीचा ट्रकवाला बाबांना म्हणाला, “मी माल घेऊन ओडिशाकडं जातो. तिकडं गरिबी लय हाय. चांगल्या घरची पोरगी भेटते. पाहा, जमत असन तं.” काका त्याच्यासोबत गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या मागून काकू उतरली. सोबत तिचा भाऊ होता आणि पत्र्याची एक पेटी.

तिकडे एकदा लागलेलं लग्न आमच्या अंगणात पुन्हा लावलं. आमच्या पद्धतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून काकाने बोटाने तिचं नवं नाव लिहिलं. बायका हसून म्हणाल्या, “वाच वो बाई, काय लिवलं तं.” तिला वाचता येत नव्हतं. देवनागरी तिने आधी कधी पाहिलेली नव्हती. तिने ताटाकडे पाहिलं, मग काकाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कोणीतरी ताट उचललं आणि तांदूळ सारखे केले.

हे मी आज सांगू शकतो, कारण पुढे बऱ्याच दिवसांनी ती माझं पुस्तक उघडून माझ्याशेजारी बसली आणि तिने पहिली गोष्ट विचारली ती तिच्या त्या नावाची. तेव्हा तिला हिंदी थोडीशी येत होती, मराठी मुळीच नाही. ती बोटाने स्वतःकडे खूण करून म्हणाली, “मेरा नाम किधर है इसमें?” मी तिसरीत होतो. मी धड्यांतली अक्षरं शोधून, एक या पानावरून आणि एक त्या पानावरून, तिला तिचं नाव जोडून दाखवलं. तिने चुलीपुढच्या राखेत ते काडीने लिहिलं आणि पुन्हा पुन्हा लिहीत राहिली.

तिथून आमची शाळा सुरू झाली.

घरात तिच्याशी बोलणारा मीच होतो. बाबा तिचे थोरले दीर. त्यांच्यासमोर ती डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राही, दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. काका मुळात घुमा माणूस होता. आत्या बोलायची ते रागवायला. म्हणून काकू मराठी शिकली ती माझ्या पाठ्यपुस्तकातून. मी धडा मोठ्याने वाचायचो, ती पोळपाटाजवळ बसून म्हणत राहायची. आणि पुस्तकात ‘मला’ असतं, ‘तुला’ असतं, ‘मी करते’ असतं. आमच्या गावात ‘मले’, ‘तुले’ असतं, आणि बायकासुद्धा ‘मी करतो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. मला लहानपणी त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. पुस्तक शाळेसाठी आणि बोली घरासाठी, हे आम्हाला न सांगता समजतं. तिला ते कोणी सांगितलं नाही, आणि तिने विचार केला तो तिच्या परीने बरोबर होता. जे छापलंय तेच खरं असणार.

तिच्या भाषेत नपुंसकलिंग, पुल्लिंग, स्त्रीलिंग असलं काही नाही. खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’ का, हे ती मला विचारायची आणि मी गुरुजींना विचारायचो. गुरुजी म्हणायचे, “तसं असतं म्हनून.” मी घरी येऊन सांगायचो, “तसं असतं म्हणून.” ती मान डोलवायची आणि पाठ करून टाकायची. पोळी ती. भात तो. घर ते. एकदा पाठ झालं की ती चुकत नसे.

आणि मग ते हापशीवर झालं.

गावातल्या बायका पाण्याला हापशीवर जमत. काकू कळशी घेऊन रांगेत उभी होती, मी तिच्यासोबत होतो. पुढची एक शेजारीण भरलेली गुंडी उचलून म्हणाली, “चाला बाप्पा, मी जातो.” काकूने तिच्याकडे नीट पाहिलं आणि अगदी मनापासून, शिकलेलं तपासून पाहावं तसं विचारलं, “तुम्ही ‘जातो’ का म्हणता? तुम्ही बाई आहात ना? बाईने ‘जाते’ म्हणावे.”

हापशीचा दांडा थांबला.

“काय म्हनते वो ही?”

“मले बाई हाय का इचारून राह्यली!”

“इकत आनलेली बंगालन आता आपल्याले मराठी शिकवनार!”

“‘म्हनावे’ म्हने! पुन्याहून आली जशी.”

काकूने मागे माझ्याकडे पाहिलं. आपलं काय चुकलं ते तिला खरंच कळलं नव्हतं. तिला वाटलं असावं की क्रियापद चुकलं. ती घाईने म्हणाली, “माफ करा, मी ओडिशाची आहे.” एक म्हातारी म्हणाली, “तेच ते वो,” आणि सगळ्या हसल्या.

त्या दिवसापासून तिला आणखी दोन नावं पडली. समोर ‘मास्तरीण’ आणि माघारी ‘बंगालन’. ती बंगालची नव्हती. पण आमच्याकडे लग्न करून आणलेल्या दूरच्या सगळ्या बायका बंगालनच असतात, मग त्या कुठल्याही गावच्या असोत. आणखीही शब्द होते. रंग काळा म्हणून होते, आणि जात कोणती हे ठाऊक नाही म्हणून होते. काकाने लग्नाआधी तिची जात विचारली होती आणि तिच्या भावाने सांगितलीही होती. पण त्या जातीचं नाव आमच्या ओळखीचं नव्हतं, आणि न ओळखलेली जात आमच्याकडे वरची समजत नाहीत.

मी पुढे कॉलेजात गेल्यावर ‘समाजात मिसळणे’ असा शब्दप्रयोग एका पाठात आला. बाहेरून आलेल्या लोकांनी तिथल्या समाजात कसं मिसळावं, असा तो विषय होता. मी तो परीक्षेपुरता लिहिला. पण वाचताना माझ्यासमोर काकू होती. तिने नाव बदललं. लिपी बदलली. ती रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी कांद्याबरोबर खायची, बायकांनी नाकं मुरडली तेव्हा ते सोडून दिलं. ज्वारीची भाकरी थापायला शिकली आणि शेवटी आत्याहून पातळ थापू लागली. पोळ्याला बैलांची पूजा, गौरीचा स्वयंपाक, नवरात्राचा घट, सगळं केलं. यापुढे माणसाने आणखी काय करायचं असतं हे त्या पाठात नव्हतं. आणि त्या सगळ्या काळात गावातल्या कोणी तिला, तुमच्याकडे पाण्याला काय म्हणतात, एवढंसुद्धा विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की तिकडेही पाणीच म्हणतात.

तिला मूल झालं नाही. एकदा दिवस गेले होते आणि यवतमाळच्या दवाखान्यात ते संपलं. परत आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी धडा घेऊन गेलो, कारण दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. ती न वळता म्हणाली, “वाच.” मी वाचलं. तिने माझ्यामागून म्हटलं नाही, पण ऐकत होती, कारण मी एक ओळ चुकून गाळली तेव्हा तिचा हात हलला.

दहावीनंतर बाबा म्हणाले, झालं एवढं बस झालं. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. आमच्या घरात दहावीपर्यंत कोणी गेलेलंच नव्हतं, म्हणून त्यांना ते भरपूर वाटत होतं. शेतात हात हवा होता.  तेवढ्यात दाराआडून आवाज आला, “त्याला पुढे शिकू द्यावे. तो हुशार आहे. त्याचे नुकसान होईल.”

बाबांनी तोंडातला घास तसाच ठेवून इकडेतिकडे पाहिलं. “रेडिओ कोनं लावला?”

काका पहिल्यांदाच मोठ्याने हसला. “दादा, रेडिओ नाही. ते बोलून राह्यली.”

इतक्या वर्षांत बाबांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. ते बराच वेळ दाराकडे पाहत राहिले, पदराची कडा तेवढी दिसत होती. मग पाणी पिऊन म्हणाले, “एवढं चांगलं बोलते काय! जाऊ द्या मंग त्याले.”

असा मी यवतमाळला गेलो. तिथे गावाकडून आलेल्या पोरांची ‘मले-तुले’वरून टिंगल व्हायची. माझी झाली नाही, कारण घरात मी रोज काकूशी पुस्तकी मराठीत बोलत आलो होतो. मी वर्गात उभा राहून बोललो की सर विचारत, “घरी कोणी शिक्षक आहे का?” पुढे शाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीलाही तेच झालं. समोरच्या मॅडम म्हणाल्या, “घरात शिकलेलं कोण आहे?” मी म्हणालो, “काकू.” “किती शिकल्यात?” मी म्हणालो, “माझ्या बरोबरीनं.” त्या हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. मला पांढरकवड्याला एका शाळेत नोकरी मिळाली. ज्या भाषेने मला नोकरीवाला केलं, त्याच भाषेने तिला गावात आणखी परकं करून ठेवलं. ती जर चुकतमाकत ‘मले भूक लागली वो’ म्हणाली असती तर कोणीतरी तिला हसून भाकर दिली असती, असं मला पुष्कळदा वाटतं.

गावात तिची एकच मैत्रीण होती. बौद्धवाड्यातली एक मावशी. त्या दोघी कापूस वेचायला एका ओळीत चालायच्या. मावशीला तिची भाषा ऐकायला आवडायची. “बोल वो माय, बोल. बातम्याइवानी वाटते,” ती म्हणायची. तिच्या घरी काकू चहा पिते हे आत्याला माहीत होतं आणि त्यावरून घरात कुरबुर चालायची, पण काका होता तोवर ते तिथेच मिटायचं.

काका दारव्ह्याच्या बाजारातून परत येताना गेला. जीपमध्ये सगळे खेटून बसले होते. छातीत दुखतं म्हणाला आणि शेजारच्याच्या खांद्यावर मान टाकली. गाव येईपर्यंत लोकांना वाटलं, झोपलाय.

आमच्याकडे तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, माहेरचे लोक विधवेसाठी पातळ घेऊन येतात. भाऊ किंवा माहेरचं कोणी ते तिच्या अंगावर घालतं, मग ती घरातून बाहेर पडायला मोकळी होते. त्याला दुखवट्याचं पातळ म्हणतात. ते आल्याशिवाय सुतक पुरतं फिटलं असं बायका मानत नाहीत. काकूच्या भावाला मी फोन लावला होता. येतो म्हणाला, पण तेरवीच्या दिवशी त्याचा फोन बंद लागला.

भटजींचं आटोपलं, स्वयंपाक झाला, अंगणात पहिली पंगत बसली. काकू ओसरीत गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. आत्या म्हणाली, “हिचं माहेर कुठं हाय? कोन घालीन अंगावर?”

मी म्हणालो, “मी घालतो. मी पातळ आणलंय.”

“तू सासरचा, बाबू. पुतन्या माहेरचा कसा होईन?”

“तिनं मला वाढवलं.”

“म्हनून तं तू इकडला.”

बायकांनी मान हलवली. त्यांना माझं वाईट वाटत होतं, पण त्यांच्या मते आत्याचं बरोबर होतं. मी तिचा होतो म्हणूनच मी तिच्या बाजूने उभा राहू शकत नव्हतो. मी पिशवी हातात घेऊन तिथेच उभा राहिलो.

मग मावशी आली. ती अंगणाच्या कडेला, वेगळी, बाकीच्या मजूर बायकांबरोबर बसलेली होती. तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं फिकट निळं पातळ होतं. ती सरळ ओसरीवर चढली. यापूर्वी ती आमच्या ओसरीवर कधी चढली नव्हती.

“मी हाय हिच्या माहेरची,” ती म्हणाली. “मी घालतो. कोनी नाही म्हनत असन तं सांगा बाप्पा.”

कोणी नाही म्हणालं नाही. कोणी हो देखील म्हणालं नाही. आत्या एवढंच बोलली, “हिच्या हातचं घेशीन का?”

काकूने डोकं वर केलं. तिने आत्याकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं नाही. पदर पुढे केला. मावशीने ते पातळ तिच्या खांद्यावर टाकलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. काकू तेव्हा रडली. काका गेल्यापासून रडली नव्हती, आणि रडताना तोंडून जे शब्द निघाले ते मराठी नव्हते. मला त्यातलं काही समजलं नाही. मावशी “हो माय, हो माय” म्हणत राहिली, सगळं समजल्यासारखी.

अंगणात भावकीतले काही लोक पंगतीतून उठले आणि हात धुऊन चालू लागले. जेवण वाढलेलं तसंच राहिलं. बाबांनी कोणाला थांबवलं नाही. ते कुंपणाजवळ उभे होते.

आत्या त्या दिवसानंतर सगळीकडे सांगत फिरली, “मी म्हनतच होतो, कोन जातीची हाय ते. आपलं मानूस आपल्याकडंच वळते.” घरात काकूचं ताट आणि पेला वेगळा ठेवला गेला. कोणी ठेवला, ते मला कळलं नाही. मी सुटीत आलो तेव्हा ते गोठ्याकडच्या कोनाड्यात होते आणि काकू स्वतःच ते तिथून उचलून आणत होती, आणि स्वतःच परत ठेवत होती. मी ते उचलून स्वयंपाकघरात मांडले. ती म्हणाली, “राहू दे. भांडण नको.”

महिन्याभरात तिचा भाऊ आला. बाबांनीच त्याला बोलावून घेतलं होतं. मी तेव्हा तिथे होतो. बाबा त्याला म्हणाले, “थोडे दिवस घेऊन जा. तिलेही बरं वाटन. वर्षश्राद्धाले बोलावनं धाडतो.” भाऊ हिंदीत हो हो म्हणाला. दाराआड काकू उभी होती, तिने ते ऐकलं. बाबांचा शब्द म्हणून तिने तो धरला. बोलावणं आलं की परत यायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं, आणि तिने पेटीत थोडेच कपडे भरले. बाकीचे घडी करून कपाटात ठेवले.

निघताना ती देवाच्या पाया पडली, बाबांना लांबून नमस्कार केला, आत्याच्या पाया पडली. आत्या म्हणाली, “सुखी राय.” काकू माझ्याकडे वळून म्हणाली, “येते.” आपल्याकडे घरून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात, हे तिला कोणत्या धड्यात सापडलं मला ठाऊक नाही. मी तिला शिकवलं नव्हतं. फाट्यावर मावशी उभी होती. जीप निघाली तेव्हा मावशीने हात हलवला आणि “लवकर ये वो, बातम्या ऐकाच्या हायेत,” असं ओरडून म्हणाली.

तिकडून तिचे फोन यायचे. फोन भावाच्या मुलाचा होता, म्हणून ती अंगणात उभी राहून, लोकांमध्ये, घाईत बोलायची. प्रत्येक वेळी आधी माझ्या जेवणाचं विचारायची आणि मग आवाज बारीक करून, “मोठे भाऊजी काही म्हणाले का?” मी म्हणायचो, अजून नाही. एकदा तिने हसत सांगितलं की तिथली मुलं तिला ‘मराठी’ म्हणून हाक मारतात. तिची भाषा तिला आठवते, पण मधेच मराठी शब्द येतो आणि वहिनी म्हणते, ही आता आपली राहिली नाही. “मी काय करू सांग,” ती म्हणाली, “इथे सगळं नीट बोलते तरी हसतात.” मग म्हणाली, “पत्र लिहीत जा. फोनवर सगळ्यांसमोर बोलता येत नाही. आणि इथे वाचायला मराठी काहीच नाही.”

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मी गावी जाऊन बाबांशी बोललो. आम्ही बांधावर बसलो होतो.

“बाबा, काकूला बोलावणं?”

“पाहू.”

“तुम्ही शब्द दिला होता.”

ते ढेकळं फोडत बसले. मग म्हणाले, “तुह्या लगनाचं पाहा लागते. पोरीवाले इचारतात, घरात कोन कोन हाय. तेरवीचं सगळ्या पाहुन्याईत झालं. दोन जागी तेच्याचवरून मोडलं. आता तू नोकरीवाला झाला, चांगली पोरगी भेटन. ते इथं असली तं नाही भेटत.”

“तिच्यामुळे मी नोकरीवाला झालो.”

“मले मालूम हाय,” बाबा म्हणाले. खरंच त्यांना मालूम होतं.  “ते बाई वाईट नव्हती रे. पन गावात मले राहाचं हाय.”

शेतातला काकाचा वाटा कायद्याने तिचा आहे, तेही मी बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी मला कळलं की बाबा वाईट माणूस नाहीत आणि तरीही बोलावणं जाणार नाही. वर्षश्राद्ध झालं. काकू नव्हती. भटजींना विचारलं तर ते म्हणाले, चालते. जेवायला भावकी सगळी आली, तेरवीला उठून गेलेलेही आले.

मी पांढरकवड्याला परतलो आणि शाळा सुटल्यावर तिला पत्र लिहिलं. पोस्टात टाकण्याआधी त्याची नक्कल करून ठेवली होती. ती इथे देतो.

“काकू,

हे पत्र तू मोठ्याने वाचशील, मला माहीत आहे. वाच. तिथे कोणाला कळणार नाही.

आधी तेच लिहितो ज्याची तू वाट पाहते आहेस. काकाचं वर्षश्राद्ध झालं. तुला बोलावणं पाठवलं नाही. बाबा विसरले नाहीत, त्यांनी ठरवून पाठवलं नाही. मी विचारलं होतं. माझ्या लग्नाचं कारण सांगितलं. तू तिथे अंगणात उभी राहून रोज रस्त्याकडे पाहू नयेस म्हणून हे स्पष्ट लिहितो आहे. त्या घरातून आता बोलावणं येईल असं मला वाटत नाही. येत्या वर्षीही नाही.

बाबांनी तुझी तब्येत विचारली. मावशी विचारते. तिचे गुडघे दुखतात, यंदा वेचणीला कमी गेली.

ज्या घरी तुझं बोलणं निघालं की पाहुणे उठतात, तिथे मी लग्न करणार नाही, हे बाबांना सांगितलं आहे.  यात तुझा दोष आहे असं मनात आणू नकोस. तू आणशील, म्हणून लिहिलं.

मी इथे दोन खोल्या घेतल्या आहेत. हायवे जवळ आहे, ट्रकचा आवाज फार येतो. स्वयंपाकाची खोली लहान आहे, पण उजेड चांगला आहे. घरमालकीणबाईंना मी सांगून ठेवलं आहे की माझी काकू येणार आहे. भात पाण्यात घालून खायला इथे तुला कोणी अडवणार नाही.

हे ते घर नाही, मला ठाऊक आहे. तुला ते घर हवं होतं, काका ज्या ओसरीत बसायचा ते. ते मी तुला देऊ शकलो नाही. मी जेवढं देऊ शकतो तेवढं हे आहे.

भावाला सांग, नागपूरच्या गाडीत बसवून दे. पुढे स्टेशनवर मी उभा असेन. यायचं नसेल तर तसं लिही. मी पुन्हा विचारून तुला त्रास देणार नाही, पत्रं मात्र लिहीत जाईन. पण उत्तर तू स्वतःच्या हाताने लिही आणि त्यात ‘पाहू’ असं लिहू नकोस. हो लिही, नाहीतर नाही लिही.

तुझा पुतण्या”